टीव्ही घेण्याआधी नजरेचा हिशेब

दसरा-दिवाळीला टीव्हीच्या दुकानात गेले की ‘एचडी रेडी’, ‘फुल एचडी’, ‘फोर-के’ अशा पाट्या दिसतात आणि पाटीगणिक किंमत चढत जाते. पण त्यातले आपल्या डोळ्यांपर्यंत किती पोहोचते, हे सहसा कोणी सांगत नाही.

टीव्हीचे चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख.

डोळ्याला मात्र मर्यादा आहे. ६/६ नजरेला दोन ठिपके सुटे दिसण्यासाठी त्यांच्यात एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तरी कोन लागतो. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेपाच-सहा फुटांपलीकडून तो वेगळा ओळखू येत नाही. म्हणजे सोफा आठ फुटांवर असेल, तर त्या आकारात फोर-केच्या जादा ठिपक्यांचा फायदा जवळजवळ दिसणारच नाही. ५५ इंची पडद्यासाठी हीच सीमा सुमारे सात फूट. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात टेप लावून अंतर मोजा.

ठिपक्यांइतकाच महत्त्वाचा असतो काळ्या-पांढऱ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट. दुकानात टीव्ही बहुधा भडक मोडवर लावलेला असतो. तो साध्या मोडवर आणायला सांगा आणि रात्रीचे दृश्य पाहा: काळा रंग काळाच दिसतो की राखाडी? बाजूला उभे राहूनही चित्र बघा. घरी समोर खिडकी असेल, तर चकचकीत पडदा टाळा. आणि सेट टॉप बॉक्सवर साधेच चॅनेल येत असतील, तर चित्रात मुळात ५७६च ओळी असतात. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो.

आता डॉक्टर म्हणून मुख्य मुद्दा. ‘टीव्ही अंधुक दिसतो’ या तक्रारीत दोष नेहमी टीव्हीचाच नसतो. मोतीबिंदूत सर्वप्रथम कॉन्ट्रास्ट कमी होऊ शकतो, रंग पिवळट वाटतात, दिव्यांची तिरीप सहन होत नाही. अशा आजी-आजोबांसाठी मुलांनी मोठा टीव्ही आणला, तरी चित्र धूसरच राहते. घरीच एक परीक्षा करा. नेहमीच्या जागी, लांबचा चष्मा लावून बसा. एक डोळा तळहाताने झाका आणि बातम्यांची खालची पट्टी वाचा. मग दुसरा डोळा झाका. एका डोळ्याने अक्षरे फुटत असतील, तर आधी नेत्रतपासणी करा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने आडवे पडून पाहिले, तर नजर जवळच्या नंबरातून जाते आणि चित्र धूसर होते. अशा वेळी उठून बसणे हाच उपाय.

मूल सारखे पडद्याजवळ सरकत असेल, तर केवळ रागावू नका. जवळ बसल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत. पण लांबचे दिसत नसल्याची ती खूण असू शकते.

टीव्ही भिंतीवर फार उंच लावू नका. मान अवघडतेच, शिवाय वर पाहताना पापण्या जास्त उघड्या राहून डोळे कोरडे पडतात. पडद्याचा मध्य बसल्यावर नजरेच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा. रात्री खोलीत मंद दिवा ठेवा.

टीव्हीचे पैसे मोजण्यापूर्वी घरातल्या साठीपुढच्या माणसांचे डोळे तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात त्याला फारसा खर्च येत नाही.