मतांच्या हिशेबातली दरी

दोन पक्षांत विस्तव जात नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण हे वैर मोजायचे कसे? अमेरिकेतील कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात एक युक्ती काढली. भाषणे सोडा, फक्त मते पाहा! तिथल्या संसदेत नाववार मतदानाच्या नोंदी थेट १७८९ पासूनच्या आहेत. त्या संगणकाला पुरवल्या, की नेहमी एकत्र मत देणारे सदस्य एका पट्टीवर जवळजवळ येतात, विरुद्ध देणारे दूर जातात. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले यावरून भाऊबंदकी ओळखावी, तसेच हे.

१९७०च्या सुमारास या पट्टीच्या मध्यावर दोन्ही पक्षांची माणसे मिसळलेली दिसत. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, तेव्हा सरकार डेमोक्रॅटांचे होते. तरीही ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी त्याला पाठिंबा दिला. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला मात्र अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकनाचे मत पडले नाही. पट्टीचा मध्य आता ओस पडला आहे.

याची झळ थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. सिनेटमध्ये चर्चा संपवून बहुतेक विधेयके मताला टाकायची तर १०० पैकी ६० मते लागतात. एका पक्षाकडे तेवढी क्वचितच असतात. २०२५ मध्ये आरोग्यविम्याच्या अनुदानावरून खर्चाचे विधेयक अडले. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कारभार खोळंबला. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक तर बिनपगारी कामावर येत होते.

आपल्याकडे ही पट्टी चालत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. शिवाय बरीच विधेयके आवाजी मतदानानेच संमत होतात, मग कोणी काय मत दिले हे कळणार कसे? म्हणून अभ्यासक दुसरी खूण पाहतात: किती विधेयके छाननीसाठी समितीकडे गेली? पंधराव्या लोकसभेत (२००९ ते २०१४) हे प्रमाण ७१ टक्के होते, सतराव्या लोकसभेत (२०१९ ते २०२४) ते १६ टक्क्यांवर आले. यात वैराइतकीच सत्ताधाऱ्यांची घाईही दिसते, हे मान्य. पण समितीत सर्व पक्षांचे खासदार बंद दाराआड एकत्र बसतात, तज्ज्ञांना बोलावतात, एकेक कलम तपासतात. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे घोषणा देऊन उपयोग नसतो.