बॅटरी बदलली, आता पवनचक्कीचे काय?

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्कोरेग या वस्तीपर्यंत ना मोटाररस्ता जातो, ना विजेचे जाळे. तिथे राहून ह्यू पिगॉट यांनी घरी बनवता येणाऱ्या पवनचक्कीचा आराखडा तयार केला आणि तो अनेक देशांत पोचला. लाकडी पाती, दोन चुंबकी तबकड्या आणि त्यांच्या मधोमध राळेत बसवलेल्या तांब्याच्या कॉइल, एवढाच त्याचा संसार. अशी चक्की पुष्कळदा १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनते. घरातली उपकरणे वाढली की २४ किंवा ४८ व्होल्टची बॅटरी येते. जुनी चक्की तिला चालेल का?

फिरेल, पण चार्ज क्वचितच करेल. जनित्राचे व्होल्टेज फिरण्याच्या वेगाबरोबर वाढते आणि ते बॅटरीच्या वर गेल्यावरच डायोडमधून प्रवाह सुरू होतो. १२ व्होल्टसाठी मिनिटाला १५० फेरे पुरत असतील, तर २४ व्होल्टला सुमारे ३०० लागतील. मंद वाऱ्यात पाती नुसतीच गरगरतील. उलट ४८ व्होल्टचे जनित्र १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर पाती जखडल्यासारखी हळू फिरतात आणि चांगला वाराही वाया जातो.

म्हणून पाती आणि चुंबके तशीच ठेवून कॉइल बदलायच्या. दुप्पट व्होल्टेजला दुप्पट वेढे आणि निम्म्या छेदाची तार. इथे हमखास घोटाळा होतो: निम्मा करायचा तो छेद, व्यास साधारण ०.७ पट होतो. तांबे तेवढेच, जागाही तेवढीच. तेवढ्याच विजेसाठी प्रवाह मात्र निम्मा होतो, त्यामुळे खांबावरून येणाऱ्या केबलमधला अपव्यय चौथाईवर येतो. चक्की घरापासून लांब असेल, तर एवढ्यासाठीही हा खटाटोप परवडतो.

कॉइल दोन तारा एकत्र धरून गुंडाळलेल्या असतील आणि चारही टोके बाहेर असतील, तर त्या तारा एकामागोमाग जोडूनही व्होल्टेज दुप्पट मिळते. डेल्टा जोडणीची स्टार केल्यास मात्र १.७३ पटच.

बॅटरी भरल्यावर जादा वीज जाळणारा हीटरही बदलावा लागतो. तोच हीटर दुप्पट व्होल्टेजवर चौपट वीज खेचतो. आणि चालत्या चक्कीची बॅटरी कधीही सोडवू नये. भार गेला की पाती बेफाम सुटतात, व्होल्टेजही उसळते. आधी, वारा मंद असताना, तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडून चक्की थांबवायची, मगच बॅटरीला हात लावायचा.