मग्दालीया मरीया : ग्रंथातली आणि चित्रातली

श्रोतेहो, तेरला गोरोबाकाकांच्या देवळात म्हणा, की आपल्या गावच्या मारुतीपुढे म्हणा, कीर्तनात अहल्येची गोष्ट आपण ऐकली असेल. गौतमाने शाप दिला आणि अहल्येची शिळा झाली. आता वाल्मीकींचे बालकांड उघडून बघा. तिथे शिळा नाहीच! वारा भक्षून, राखेत पडून, कोणाच्या दृष्टीस न पडता ती तप करीत राहते, एवढेच आहे. शिळा आली ती पुढच्या कवींकडून. चित्रकारांनी तीच रंगवली आणि आपल्या मनात तीच बसली.

ख्रिस्ती कथेतल्या एका बाईचेही असेच झाले. या कथा मराठीला परक्या नाहीत बरे का. फादर स्टीफन्स यांनी त्या ओवीत गुंफल्या आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्या बाईचे नाव मग्दालीया मरीया. बायबल सांगते, की तिची सात भुतांच्या पीडेतून सुटका झाली. पुढे ती येशूबरोबर हिंडली, पदरचे खर्चून तिने मंडळींची सेवा केली. येशूला क्रुसावर दिले तेव्हा ती तिथे होती, आणि कबर रिकामी असल्याची बातमी शिष्यांना तिनेच दिली. ती वेश्या होती, असे बायबलात कुठेही नाही.

मग हा डाग लागला कसा? येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी एक पापी बाई बायबलात आहे. तिचे नाव दिलेले नाही. ५९१ साली रोमचे पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ती बाई आणि मग्दालीया एकच ठरवली. मग कलावंतांनी तेच धरले. मोकळे केस आणि अत्तराची कुपी ही तिची खूण झाली. दोनातेल्लोने लाकडात कोरली ती तपाने हाडांचा सापळा झालेली. तिशियनने रंगवली ती सोनेरी केसांची रूपवती. फ्रान्सच्या ला तूरने तिला रात्री एका ज्योतीपाशी विचार करीत बसवली. बाई एकच. एकाने तिचे प्रायश्चित्त पाहिले, दुसऱ्याने रूप, तिसऱ्याने मन.

शेवटी १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या पंचांगात या दोघींना वेगळे केले, आणि २०१६ साली मग्दालीयेच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा मान दिला. म्हणजे बघा, एका बाईवरचा डाग पुसायला जवळजवळ पावणेचौदाशे वर्षे लागली!

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात कथेचे चित्र दाखवाल तेव्हा मूळ उताराही वाचून दाखवा. मुलांना विचारा, यातले पोथीतले किती आणि चित्रकाराच्या पदरचे किती? हीच सवय मोठेपणी चावडीवर उपयोगी पडते. गावातल्या एखाद्या बाईविषयी कोणी काही बोलले, तर ही मुले विचारतील, “हे तुम्ही पाहिले, की कोणाकडून ऐकले?”