नदीचे मासे, मराठी नावे

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना प्रवरासंगमाचा पूल लागतो. प्रवरा इथे गोदावरीला मिळते. आता मात्र दिसतो तो जायकवाडीचा फुगवटा. मासळी विकणारे भेटले की मी गाडी थांबवून टोपलीत डोकावतो. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्याने ती खोडच जडली आहे. टोपलीत बहुतेक वेळा कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी. पहिले तीन बीज सोडून वाढवलेले. चिलापी तर मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. मग आपल्या नद्यांचे स्वतःचे मासे कोणते?

याचे उत्तर शोधायला मी एका जुन्या निबंधाकडे वळतो. कर्नल विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करीत हिंडला. इथल्या माशांची त्याने केलेली वर्णने १८३९ साली प्रसिद्ध झाली. नव्या जातीला शास्त्रीय नाव द्यावे लागते. साइक्सने अनेक ठिकाणी सोपा मार्ग धरला. इथले लोक ज्या नावाने मासा ओळखत, तेच नाव त्याने शास्त्रात नेले. 'खुदरी', 'कोळस', 'नुकटा', 'शिंगाळा', 'मळ्या' ही नावे अशीच ग्रंथांत गेली. पुढे या माशांचे कूळ बदलले, वर्गीकरण बदलले, तरी जातीचे पहिले नाव बदलत नाही, असा शास्त्राचा दंडक आहे. त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला या माशाबद्दल लिहायचे तर 'गारा मळ्या' असेच लिहावे लागते.

अमेझॉनच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातल्या माशांच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्या वैभवाशी आपली बरोबरी नाही. पण तिथल्या 'पिरान्हा'चे नाव जसे तुपी भाषेतून जगभर गेले, तसेच आपल्या भोई-कोळ्यांचे शब्दही गेले. फक्त आपल्याला त्याचा पत्ता नाही.

साइक्सने काही मासे भीमेवर 'पैरगाव' येथे मिळाल्याची नोंद केली आहे. हे श्रीगोंदा तालुक्यातले पेडगाव, असे मी समजतो. बहादूरगडासाठी आपण पेडगावला जातो, खालच्या नदीतल्या माशांसाठी कोणी जात नाही.

आता मळ्याचेच पाहा. वीतभरही नसलेला मासा. तोंडाच्या खालच्या अंगाला चकतीसारखा अवयव. त्याने तो दगडाला चिकटतो आणि वाहत्या धारेत टिकून राहतो. दगडावरचे शेवाळ हे त्याचे अन्न. म्हणजे त्याला दगड हवा, वाहते पाणी हवे. पाणी तुंबले, वर गाळ बसला की त्याचे घर गेले. मुऱ्याला वाळू-गोट्यांचा तळ लागतो, आणि वाळू तर आपण ट्रकने उपसतो. पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांना लोक 'चढणीचे मासे' म्हणतात. त्यांच्या वाटेत बंधारा आला की चढण तिथेच संपते. प्रवरेवर भंडारदरा १९२६ साली झाले, गोदावरीवर पैठणचे धरण १९७६ साली. शिवाय मधले बंधारे वेगळेच.

धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. याच पाण्यावर आपल्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला, आणि कटला-रोहूने कितीतरी मच्छीमारांच्या चुली पेटतात. माझी तक्रार एवढीच की, धरणात बीज सोडताना स्थानिक माशांचा विचार फार मागे राहिला. तो होऊ शकतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात खुदरी महासीराची पैदास करून पिल्ले तयार केली गेली. मळ्या-मुऱ्यासाठी मात्र कोण खर्च करणार? त्यांना बाजारात भाव नाही.

मागे एकदा टोपलीच्या तळाशी बोटभर लांबीचे पाच-सहा मासे दिसले. विकणाऱ्या तरुणाला विचारले, "हे कुठले?"

"ही बारीक मासळी, सर. वाट्यावर जाते."

शेजारी जाळे उसवत बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी मान वर केली. "बारीक काय म्हणतोस? मळ्या हाये तो," असे म्हणून त्यांनी एक उचलला आणि पोटाकडून उलटा करून त्याची चकती पोराला दाखवली.