नव्वद, चाळीस आणि हातचा एक

"हे नव्वद कुठून आलं?"

एक्स्टर्नल सरांनी माझ्या पेपरवर पेनाचं टोक टेकवून विचारलं. मायक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकल, वेळ जवळजवळ संपलेली, किटवर आउटपुट अगदी बरोबर. आणि मी गप्प! प्रोग्राम कॉपी केलेला नव्हता हो, पण पाठ केलेला होता. सरांना तो फरक फारसा महत्त्वाचा वाटला नाही. आउटपुटचे मार्क मिळाले, व्हायवाचे गेले. त्या नव्वदचा हिशोब नंतर समजला आणि तो इतका साधा निघाला की, पुढच्या बॅचमधलं कुणी तरी त्याच टेबलापाशी असंच गप्प उभं राहू नये म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच माफी मागते. मी कॉन्व्हेंटची, एकोणसाठ की एकोणसत्तर यात अजून गोंधळते. शुद्धलेखन माझ्या रूम-पार्टनरने तपासलंय. शिवाय मराठी विभागात रोमन अक्षरं नकोत असा संपादक मंडळाचा हट्ट असल्याने हेक्समधली ए, बी, सी आणि सगळ्या इन्स्ट्रक्शन्स देवनागरीतच लिहिते आहे. लॅबमध्ये आपण ओरडतो तशाच वाचा. मेमरीतले आणि प्रोग्राममधले आकडे हेक्समधले समजा.

प्रश्न असा होता : २०५० या पत्त्यावर एक बाइट आहे, त्याचे दोन हेक्स अंक 'अक्षरं' म्हणून पुढच्या दोन घरांत ठेवा. म्हणजे बाइट ५बी असेल तर '५' चा आस्की कोड आणि 'बी' चा आस्की कोड. ऐकून वाटतं, यात करायचं काय? ५बी तर दिसतंच आहे की! मलाही तसंच वाटलं होतं. पण ते दिसतं, कारण किटमधला मॉनिटर प्रोग्राम आपल्यासाठी ते दाखवतो. मेमरीत असतात नुसते आठ बिट. पाच शेंगदाणे वेगळे आणि पाटीवर काढलेला ५ हा आकडा वेगळा. पीसीच्या पडद्यावर किंवा प्रिंटरवर ५ उमटवायचा तर त्यांना पाच पाठवून भागत नाही, ३५ पाठवावे लागतात. तो आकड्याच्या चित्राचा नंबर. हे नंबर ठरवणारं आस्कीचं कोष्टक १९६३ सालचं.

आता खरी अडचण. आस्कीला आपल्या हॉस्टेलचा पॅसेज समजा. शून्य ते नऊ हे दहा जण ३० ते ३९ या खोल्यांत शेजारी-शेजारी राहतात. हेक्समध्ये नऊच्या पुढे लगेच ए येतो, त्यामुळे त्याला ३९ च्या शेजारची ३ए खोली मिळायला हवी. पण तिथे राहतो कोलन. त्याच्या पुढे सेमिकोलन, लहान-चं चिन्ह, बरोबर, मोठं-चं चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि ॲट. असे सात घुसखोर! ए ची खोली त्यांच्या पलीकडे, ४१. म्हणून अंकाला ३० मिळवले की काम होतं, पण अक्षराला ३० आणि वर सात. हे सात विसरलात तर पडद्यावर ५बी ऐवजी ५ आणि त्यापुढे सेमिकोलन उमटतो. छापलेल्या हेक्समध्ये कोलन-सेमिकोलन दिसायला लागले की खुशाल समजावं, कुणी तरी सात विसरलंय.

जर्नलमधली पद्धत सगळ्यांनी लिहिलेली आहे. आधी बाइटचे दोन तुकडे, म्हणजे निबल. वरचा तुकडा हवा असेल तर आरआरसी चार वेळा, मग एएनआय ०एफ. खालचा हवा असेल तर थेट एएनआय ०एफ. मग तुकड्याची दहाशी तुलना :

सीपीआय ०ए
जेसी पुढे
एडीआय ०७
पुढे : एडीआय ३०

दहापेक्षा लहान असेल तर सात मिळवण्याची ओळ ओलांडून उडी मारायची. यात चूक काहीच नाही. मी हीच लिहिली, सबरुटीन करून दोनदा कॉल केली, नीट असेंबल केली. मग किटची 'नेक्स्ट' की अडकली. दाबली की दोन-दोन घरं पुढे! लॅब असिस्टंट काकांनी मला कोपऱ्यातल्या किटवर बसवलं. ते दुसऱ्या कंपनीचं, त्याची रॅम २००० पासून नाही, ८००० पासून सुरू.

ज्यांनी हाताने असेंबल केलंय त्यांच्या पोटात इथे गोळा आला असेल. माझ्या प्रोग्राममध्ये आठ ठिकाणी पत्ते होते. स्टॅक पॉइंटरचा एक, दोन एलडीए, दोन एसटीए, दोन कॉल आणि ती जेसी. आठही बदलायचे. मी सात बदलले. 'गो' दाबलं आणि डिस्प्ले थंड. पाच हा आकडा दहापेक्षा लहान, म्हणून त्याने इमानदारीत उडी मारली, ती जुन्या पत्त्यावर. तिथे या किटवर काहीच नव्हतं. चूक तेव्हा दिसलीसुद्धा नाही. घड्याळात फक्त बारा मिनिटं उरली होती.

आदल्या रात्री रूम-पार्टनरने एक तुकडा दाखवला होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, परभणीकडची, आणि जुन्या प्रोसेसरांच्या मागे वेडी. मी म्हटलं होतं, "असू दे गं, जर्नलमधलं येतंय ना!" तरी पाठ झाला, कारण फारच छोटा होता :

एडीआय ९०
डीएए
एसीआय ४०
डीएए

एवढंच. तुलना नाही, उडी नाही. ऑपकोडमध्ये सी६ ९० २७ सीई ४० २७, म्हणजे सहा बाइट. जर्नलवाली पद्धत नऊ बाइटची. ती अंकाला २४ टी-स्टेट घेते आणि अक्षराला २८. ही दोघांनाही २२. ३.०७२ मेगाहर्ट्झच्या ८०८५ वर साधारण सात मायक्रोसेकंद. आणि त्या दिवशी मला ज्याने वाचवलं ते असं की, उडीच नसल्याने प्रोग्राम कुठल्याही पत्त्यावर ठेवा, चालतो. सबरुटीन न करता तेच सहा बाइट दोनदा लिहिले आणि ३५, ४२ दिसले. मग आले एक्स्टर्नल सर आणि त्यांचं नव्वद.

त्या रात्री मेसमधून परत आल्यावर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "हातचा माहितीये ना?"

मला नव्हता माहीत. म्हणजे कॅरी माहीत होता, पण कॅरी म्हणजे फ्लॅग रजिस्टरचा शेवटचा बिट, एवढंच. तिने वहीच्या मागच्या पानावर सत्तावीस अधिक पाच मांडले. सात आणि पाच बारा, बारातले दोन, हातचा एक. "हाच तुझा कॅरी," म्हणाली. आणि डीएए काय करतं? दोन हेक्स आकड्यांची बेरीज झाल्यावर ती दशमान पद्धतीत करून देतं, म्हणजे घरात नऊपेक्षा मोठं काही बसलं असेल तर त्यातले दहा काढून डावीकडच्या घराला हातचा देतं. त्यासाठी आत सहा मिळवावे लागतात, कारण हेक्सचं घर सोळाला भरतं आणि आपलं दहाला. शंभरच्या वर गेलं तर तो हातचा कॅरी फ्लॅगमध्ये जातो.

आता नव्वद. समजा निबल पाच आहे. नव्वद आणि पाच पंच्याण्णव. डीएएला करण्यासारखं काही नाही, हातचा शून्य. पंच्याण्णव आणि चाळीस एकशे पस्तीस. शंभर कॅरीत जातात, तिकडे आपण बघत नाही. अॅक्युम्युलेटरमध्ये राहिले ३५. '५' चा आस्की!

समजा निबल बी आहे, म्हणजे अकरा. नव्वद आणि अकरा एकशे एक. (किटवर आधी ९बी दिसतं, डीएए त्याचं ०१ करतं आणि शंभराचा हातचा कॅरीत ठेवतं.) पुढची इन्स्ट्रक्शन एडीआय नाही, एसीआय आहे, म्हणजे हातच्यासकट बेरीज. एक आणि चाळीस आणि हातचा एक, बेचाळीस. ४२ म्हणजे 'बी'. दुसऱ्या डीएएला इथे काही काम नाही.

मी वही ओढून घेतली आणि सोळाच्या सोळा करून बघितले. कडेचे दोन महत्त्वाचे. नऊ : नव्वद नऊ नव्याण्णव, अधिक चाळीस एकशे एकोणचाळीस, राहिले ३९. ए : नव्वद दहा शंभर, राहिलं शून्य, हातचा एक, चाळीस मिळवून ४१. नव्याण्णव आणि शंभर यांच्या मध्येच सगळी गंमत आहे. नव्वद घेतले ते यासाठीच, की नऊपर्यंतचे आकडे शंभरच्या अलीकडे राहावेत आणि दहापासूनचे पलीकडे जावेत. म्हणजे 'तू दहापेक्षा मोठा आहेस का?' हे विचारायलाच नको, बेरजेतच उत्तर येतं. आणि चाळीस यासाठी, की अलीकडच्यांचे एकशे तीस होऊन तीस उरावेत आणि पलीकडच्यांना हातच्यासकट एक्केचाळीसपासून सुरुवात मिळावी. सात घुसखोर आपोआप ओलांडले जातात. सातचा आकडा प्रोग्राममध्ये कुठेही नाही!

डीएए काही हेक्स छापण्यासाठी जन्माला आलेलं नाही. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्येही ते होतं, कारण तो प्रोसेसर मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवला गेला होता आणि कॅल्क्युलेटरला दशमान बेरीज लागते. १९७२ च्या ८००८ मध्ये ते नव्हतं, १९७४ च्या ८०८० मध्ये पुन्हा आलं. तिथून १९७६ चे ८०८५ आणि झायलॉगचा झेड-८०, आणि १९७८ चा ८०८६. या चौघांतही डीएएचा ऑपकोड एकच, २७. ८०८६ वर तर वजाबाकीचं भावंड डीएएस वापरून हेच काम पाच बाइटांत होतं : सीएमपी एएल, ०ए, मग एसबीबी एएल, ६९, मग डीएएस. ते का चालतं ते मी सांगणार नाही, वही घेऊन बसा. मात्र घरच्या लॅपटॉपवर ६४-बिट प्रोग्राममध्ये २७ टाकून बघू नका. एएमडीने २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसर आणले तेव्हा त्या मोडमधून डीएए काढून टाकलं, तिथे तो ऑपकोड अवैध आहे.

६५०२ वाल्यांकडे डीएए नव्हतं, पण हातचा त्यांनीही सोडला नाही. १९७६ मध्ये स्टीव्ह वोझनियाकने ॲपल-१ साठी लिहिलेला मॉनिटर प्रोग्राम फक्त २५६ बाइटचा आहे. त्यात हेक्स छापताना उडी आहे, पण अक्षरांसाठी सात न मिळवता सहाच मिळवलेत. मला वाटलं, छपाईची चूक असणार. रूम-पार्टनर हसली. ६५०२ वर तुलनेत आकडा मोठा किंवा सारखा ठरला की कॅरी एक होतो, आणि तिथली बेरजेची इन्स्ट्रक्शन नेहमी हातच्यासकटच असते. सहा आणि हातचा एक, सात. शिवाय त्याने सबरुटीनला कॉलही एकदाच केलाय, वरच्या निबलसाठी. खालच्या निबलची वेळ येते तेव्हा प्रोग्राम घरंगळत आपोआप त्याच सबरुटीनमध्ये शिरतो. जागा वाचवायची ती अशी!

जर्नलवाली पद्धत वाईट असं मात्र मी म्हणत नाही. सहा महिन्यांनी वाचलं तरी समजते, आणि सरांना समजावणं सोपं जातं. डीएएवाली वापरणार असाल तर एसीआयच्या जागी चुकून एडीआय लिहू नका. अंक बरोबर येतात आणि फक्त अक्षरं एकाने मागे सरकतात, ए च्या जागी ॲट येतो. इनपुटला ३७ घेऊन तपासलंत तर ही चूक दिसणारच नाही. एएनआय ०एफ दोन्ही वेळा हवंच, नाहीतर दुसऱ्या निबलचा कचरा बेरजेत येतो.

पूर्ण प्रोग्राम देते, एकतीस बाइट. ऑपकोड कार्डावरून पडताळून घ्या :

२१ ५० २० ४६ २३ ७८
०एफ ०एफ ०एफ ०एफ ई६ ०एफ
सी६ ९० २७ सीई ४० २७ ७७
२३ ७८ ई६ ०एफ
सी६ ९० २७ सीई ४० २७ ७७ ७६

२०५० वर ५बी ठेवा, चालवा, २०५१ वर ३५ आणि २०५२ वर ४२ दिसायला हवेत. कोपऱ्यातल्या किटवर बसलात तर फक्त तिसरा बाइट २० चा ८० करा आणि ५बी ८०५० वर ठेवा, बाकी कशाला हात लावायचा नाही. शेवटचं ७६ म्हणजे एचएलटी, त्यामुळे प्रोग्राम संपल्यावर डिस्प्ले हलत नाही. घाबरून किटचा स्विच बंद करू नका, रॅममधलं सगळं जाईल. नुसतं 'रिसेट' दाबा आणि मेमरी बघा.