मालमोटारीचा दोषवाचक

आधुनिक डिझेल इंजिनाचा बिघाड त्याचा संगणक अंकांनीं नोंदून ठेवतो. ते अंक दाखविणारें छोटें यंत्र म्हणजे दोषवाचक. तें घेतांना किंमतीआधीं खोबण पाहावी. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना १६ पिनांची खोबण सक्तीची झाली. अवजड मालमोटारींत मात्र बहुधा ९ पिनांची वाटोळी खोबण असते आणि तिची भाषाही निराळी, जे-१९३९ नांवाची. मोटारीसाठीं घेतलेलें स्वस्त यंत्र तेथें मुकेंच राहतें. शिवाय, तापमापक ताप सांगतो, रोग नव्हे. अंकानें दाबमापकाकडे बोट दाखविलें, तरी खरा अपराधी तुटलेली तारही असूं शकते. म्हणून चालू इंजिनाचीं मापेंही जें दाखवील, तेंच यंत्र थोडें महाग असूनही अंतीं स्वस्त पडतें.