हार्ड डिस्कचे दुखणे : निदान व उपचार

वैद्यकशास्त्रात आधी निदान आणि मग उपचार, हा क्रम सर्वमान्य आहे. परंतु लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिघडू लागली असता हाच क्रम पाळणारा मनुष्य पुष्कळदा हात चोळीत बसतो. तेथे पहिली पायरी निदानाची नसून नकलेची असते. असे का, हे कळण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडक्यात पाहू.

आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क जगापुढे आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज अडीच इंची डिस्क तळहातावर राहते व तिच्या लाखपटीहून अधिक माहिती साठविते. आत चुंबकीय लेप दिलेली चकती असून ती मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावते. तिच्यावरील मजकूर वाचणारे 'हेड' चकतीला न टेकता, हवेच्या थरावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर! चालू लॅपटॉपला जोराचा धक्का बसला, तर हेड चकतीला घासून लेप खरवडला जाण्याचा धोका असतो. आणि लेपाबरोबर त्यावरील मजकूरही जातो. अशी जखमी डिस्क चालू ठेवावी तितकी जखम वाढत जाते.

दुखण्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. फाइल उघडण्यास फार वेळ लागणे, फाइली अकस्मात नाहीशा होणे, यंत्र मध्येच गोठणे ही त्यांतील प्रमुख होत. ती दिसताच नवे काम थांबवावे आणि ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही, ते प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. कोणाच्या घरी आजीच्या आवाजात मुद्रित केलेली धालोची गीते असतील, कोणाकडे दिवंगत आप्तांची छायाचित्रे असतील. डिस्क बाजारात मिळते. आजीचा आवाज मिळत नाही. नक्कल होण्यापूर्वी दुरुस्तीची आज्ञा मात्र देऊ नये, कारण तिने दुबळ्या डिस्कवर आणखी ताण पडतो. लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू' हे साधन या कामी उपयुक्त आहे. हुशार विद्यार्थी सोपे प्रश्न आधी सोडवितो, त्याप्रमाणे ते सुस्थितीतील भाग प्रथम उतरविते आणि अवघड भागांकडे मागाहून वळते. डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करून तज्ज्ञाकडे न्यावे. डिस्क घरी उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रणच होय.

नक्कल झाली की निदान. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेविते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या साधनाने ती वाचता येते. निकामी ठरवून बदललेल्या जागा किती आणि संशयित जागा किती, हे दोन आकडे मुख्यतः पाहावेत. ते दिवसागणिक वाढत असतील, तर डिस्क बदलणेच इष्ट. केवळ जोडणीतील चुका वाढत असतील, तर दोष तारेचाही असू शकतो. तथापि नोंदवही निर्दोष दिसली म्हणून निश्चिंत राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये प्रमुख चार इशाऱ्यांपैकी एकही आढळला नव्हता. नकलेला अग्रमान देण्याचे हे दुसरे कारण.

बदलण्याचे काम मानले जाते तितके अवघड नाही. नवी डिस्क घेताना जुनीची जोडणी व जाडी पाहावी. अडीच इंची डिस्क बहुधा ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असते. तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी घेणे आज अधिक श्रेयस्कर. ती वेगवान असून धक्क्यालाही फारशी दाद देत नाही. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा आणि बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करावा. लहानमोठे स्क्रू कागदावर क्रमाने मांडावेत, म्हणजे परत बसविताना गोंधळ होत नाही. जुनी डिस्क जोडणीतून सरळ रेषेत सरकवून काढावी, पिरगळू नये. नवी बसविल्यावर कार्यप्रणाली घालून जतन केलेला मजकूर तीत उतरवावा.

विद्यार्थिमित्रांनो, एसएसडीही अमर नाही. कधी कधी ती पूर्वसूचनेवाचूनच बंद पडते. आपले पूर्वज पोथी जीर्ण होण्याआधी तिची नवी प्रत करून घेत, म्हणूनच कित्येक ग्रंथ आपल्या हाती आले. साधने बदलली, धर्म तोच आहे. महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. नाहीतर बैल गेला नि झोपा केला, अशी गत व्हावयाची!